अडतीस अंशांचे काका

मे महिन्यात खामगावात लोक पिण्यासाठी पाणी गार करतात. काका ते फिल्मसाठी करतात. रंगीत निगेटिव्ह धुण्याची सी-४१ प्रक्रिया कोडॅकने १९७२ मध्ये आणली. तिला डेव्हलपर लागतो ३७.८ अंशांचा, तोही नेमका ३ मिनिटं १५ सेकंद. पाणी तापवावं लागेल हे कोडॅकने गृहीतच धरलं असावं. घाटाखालच्या उन्हाळ्याला त्यांनी विचारलंच नाही. इथे गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळातूनच चटके देत येतं. मग काका बादलीत बर्फ सोडून थर्मामीटर धरून बसतात आणि अर्ध्या तासाने घरात जाहीर करतात, "उतरला ताप!"

तरी काकांना फोटोंचा नाद आहे असं कुणी समजू नये. त्यांचा नाद रसायनं सांभाळण्याचा. कालवलेला डेव्हलपर काही आठवड्यांत उतरतो, तो वाया जाऊ नये म्हणून काका घाईघाईने शेगावला जाऊन एक रोल संपवून येतात.

डेव्हलपरचं हाडवैर हवेशी. बाटलीत जागा रिकामी राहिली की तो काळपट पडतो. म्हणून काका गडद काचेच्या बाटलीत धुतलेल्या गोट्या टाकतात आणि पातळी बुचापर्यंत आणतात. गल्लीतली पोरं दारात येतात, "काका, आमच्या गोट्या?" "बाटली संपली की या."

प्रत्येक बाटलीवर कालवल्याची तारीख, धुतलेल्या रोलांच्या रेघा आणि कवटीचं चित्र. कवटी इतकी हुबेहूब, की मोलकरीण त्या खोलीत झाडू घेऊन जात नाही. थंड पेयाच्या बाटलीत रसायन ठेवणारा आणि खुनी, यांच्यात काकांच्या मते फरक फक्त हेतूचा. डेव्हलपरमधलं सीडी-४ कातडीला बाधतं, म्हणून हातमोजे. ब्लिक्सचा, म्हणजे ब्लीच आणि फिक्सरच्या एकत्र द्रावणाचा, थेंब पडला तरी डेव्हलपर नासतो, म्हणून मोजपात्रं वेगळी, नरसाळी वेगळी, पुसायची फडकीही वेगळी. असं सोवळं काकांच्या आजीनेही पाळलं नसेल.

वापरलेलं ब्लिक्स मोरीत ओतायला मात्र ते तयार नसतात. रंगीत फिल्ममधली चांदी शेवटी सगळी त्यातच उतरते. त्यामुळे जिन्याखाली कॅनची रांग लागली आहे.

"अवो, साऱ्या खामगावची चांदी सराफात, अन् माह्या घरची कॅनमधी!" काकू म्हणतात. "जोडवे तरी होतीन का यातून?"

काका हिशेब मांडतात. एका रोलात ग्रॅमभरही चांदी नसते. "होतील," ते म्हणतात, "पण पुढच्या पिढीला."

आता राहिले फोटो. शेगावचं पांढरं मंदिर काकांच्या फोटोत हमखास गुलाबी येतं. मग जून २०२० मध्ये लोणारचं सरोवर खरोखरच गुलाबी झालं. खारं पाणी मानवणाऱ्या सूक्ष्मजीवांची ही करणी, असं पुण्याच्या आघारकर संस्थेने सांगितलं. टाळेबंदी सैल होताच काका घाट चढून लोणारला पोहोचले. त्यांच्या रंगाला निसर्गानेच दुजोरा दिला होता.

रोल धुतला. सरोवर हिरवंगार आलं.

आम्ही हसलो. काका शांतपणे हातमोजे काढत म्हणाले, "गुलाबी तर सारेच दाखवून राह्यले बाप्पा! मूळ रंग दाखवणारा जिल्ह्यात मी एकटाच."