काकू म्हणतात, अजून खोडवं बाकी आहे

"काय गं, सकाळी सकाळी कसला आरडाओरडा? अर्ध्या सावेडीला ऐकू गेला."

"आमचा धाकटा, काकू. प्लेस्टेशन पाचसाठी दोन दिवाळ्यांचे पैसे साठवले, आणि आता म्हणतो, थांबायचं. सहा येणार!"

"कंपनीनं कळवलं त्याला?"

"छे, त्याचाच हिशेब. तीन आलं २००६ ला, चार २०१३ ला, पाच २०२० ला. सात-सात वर्षं. म्हणजे २०२७!"

"हे काय मंगळागौरीचं उद्यापन आहे, ठरल्या वर्षी करायला? अगं, एकदा लागण केली की ऊस तुटल्यावर खोडवं राखतात. बेणं नको, नांगरट नको. यंत्राचंही तसंच, कंपनीची खरी कमाई खोडव्यातच."

(काकूंचं माहेर राहुरीचं. घरातला कुठलाही वाद शेवटी उसाच्या फडात जातो.)

"पण काकू, उशीर केला तर दुसरी कंपनी पुढं जाईल ना?"

"जाऊ दे की! सेगानं नाही का घाई केली? १९९४ ला सॅटर्न, चारच वर्षांत ड्रीमकास्ट. २००१ ला यंत्रं करायचंच सोडलं. आमच्या थोरल्याचं प्लेस्टेशन दोन बघ. निघालं २००० साली, कारखान्यात बनत राहिलं २०१३ पर्यंत. आपल्या मारुतीरायाचा खेळ त्यावर आला कधी? २००९ ला! तीन येऊन तीन वर्षं झालेली, तरी आला तो जुन्यावरच. आपल्यापर्यंत सगळं उशिरा पोचतं, बाई. पाचसुद्धा जगात नोव्हेंबरात, आपल्याकडं २ फेब्रुवारी २०२१ ला."

"आणि २०२२ चा तो रॅग्नारॉक नावाचा खेळ चारवरही चालायचा म्हणे."

"मग! दोन वर्षं चारचेच खेळ पाचवर खेळायचे, तर पाच कशाला घेतलं? पाचाचं पीक आत्ता कुठं उभं राहतंय. मला विचारशील तर २०२८ च्या आत सहाचं नाव काढू नये त्यांनी."

"मग थांबावं की घ्यावं? जुनं झालं की स्वस्त होईल, असं हे म्हणतात."

"यांना काय कळतंय! आलं तेव्हा ४९,९९० ला होतं, दोन वर्षांच्या आत ५४,९९० केलं. थांबून कुणाचं भलं झालंय? घेऊन टाक. पण डिस्कवालंच घे हं. आमच्याकडं चारच्या डिस्का धूळ खात पडल्यात, त्या पाचवर चालतात. नातवाबरोबर पाठवते. तो रविवारी तुमच्याकडंच बसेल म्हणा, जेवायलासुद्धा."