कपाट काही हलत नाही

पालघरजवळच्या माहीममधल्या घरगुती निवासाची जाहिरात असो, की बोईसर-तारापूरहून बदली झालेल्या नोकरदाराने विकायला काढलेला दिवाण, फोटो सगळे एकाच घराण्यातले. मधोमध भगभगीत पांढरा डाग, मागे काळोख आणि कपाटाच्या सनमायकात खुद्द छायाचित्रकार, बनियनसकट. खापर मात्र फुटतं साध्या, खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यावर. खरा गुन्हेगार त्याचा फ्लॅश आहे. अंतर तिप्पट झालं की उजेड नवव्या हिश्शावर येतो. म्हणजे १ मीटरवरचा टीपॉय उजेडाने न्हाऊन निघतो आणि ३ मीटरवरच्या कपाटाला उष्ट्यावर भागवावं लागतं.

‘फ्लॅश बंद केला की फोटो हलतो,’ ही तक्रार खरी आहे. नखाएवढा सेन्सर अंधारात उपाशीच राहणार. पण हलतो तो आपला हात. शिसवी कपाट पिढ्यान्‌पिढ्या जागचं हललेलं नाही. कॅमेरा स्टुलावर ठेवा, आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर लावा. शटर सेकंदभर उघडं राहिलं तरी कपाट पापणी लववणार नाही. ‘पण त्याचं पोट सुटलेलं दिसतं!’ दिसणारच, वाइड लेन्सने नाकाला नाक लावल्यावर कोणाचं सुटत नाही? मागे सरकून थोडं झूम करा. भिंत आड आली तर ओटीवरून, उघड्या दारातून घ्या. ट्यूबलाइट मालवा, खिडकी उघडा. आणि दिवाणावरचा ओला टॉवेल तेवढा उचला. त्यासाठी कुठल्याच कॅमेऱ्यात बटण नाही.