दारू उधार, कचरा रोख

जिन्याखालच्या फ्रिजमध्ये वाइनच्या वीसेक बाटल्या. फ्रिजला कुलूप नाही. शेजारी भिंतीवर एक कागद आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. मालकीणबाई म्हणाल्या, हवी ती बाटली घ्या, तुमच्या खोलीपुढे एक रेघ मारा, जाताना हिशेब करू. मी बघतच राहिलो. आमच्याकडे कोकणातल्या घरगुती मुक्कामात ‘खोलीत मद्यपान सक्त मना’ ही पाटी गणपतीच्या तसबिरीशेजारी लटकत असते. इथे घरधनी स्वतःच प्या म्हणतो आणि मोजायचंही आपल्यावर सोडतो. पेन्सिल मात्र बांधलेली. आठ-दहा युरोंच्या बाटलीवर भरवसा आहे, पेन्सिलीवर नाही.

गाव जर्मनीतलं, मोझेल नदीकाठचं, कोखेमच्या पुढे. नदी इथे अशी काही वळणं घेते की रेल्वेने 1879 सालीच तिचा नाद सोडला आणि डोंगरातून चार किलोमीटरांहून लांब बोगदा काढून मोकळी झाली. घर तीन मजली: तळात वाइनची पिंपं, मध्ये मालकांचं बिऱ्हाड, वर आम्ही. दारालगतच्या भिंतीवर डिसेंबर 1993च्या पुराची खूण होती. बायको सांगली जिल्ह्यातली. तिने खुणेपाशी हात नेला, उंची अजमावली आणि ‘आमच्याकडे 2019’ एवढंच म्हणून आत गेली. पूर बघितलेल्या माणसांना ओळखीपाळखीला वेळ लागत नाही.

विश्वासाचा हा झरा कचऱ्यापाशी आला की आटतो. अंगणात पिंपांची रांग: पिवळं वेष्टणांचं, निळं कागदांचं, तपकिरी ओल्या कचऱ्याचं आणि ज्याला कुणीच वाली नाही त्याचं काळं. काच यात कुठेच नाही. ती रस्त्याच्या टोकाला, पांढरी, हिरवी आणि तपकिरी अशी निवडून टाकायची. तीही रविवारी नाही, कारण फुटण्याचा आवाज होतो आणि रविवार शांततेचा. फ्रिजपाशी कधीही न डोकावणाऱ्या मालकीणबाई पिंपांवर मात्र स्वयंपाकघराच्या खिडकीतून पहारा ठेवत.

न्याहारी झकास. ताजे पाव, चार तऱ्हांचं चीज, लोकरीची टोपी घालून बसलेलं उकडलेलं अंडं, आणि द्राक्षमळ्यांच्या कडेने वाढणाऱ्या लाल गराच्या पीचचा मुरंबा. या मुरंब्यावर वेगळा लेख लिहावा लागेल. घोळ झाला तो चहाच्या पुडीचा. मी ती उचलून जवळच्या डब्याकडे निघालो, तर मालकीणबाईंनी हळूच काढून घेतली. चहा आणि पिशवी ओल्यात, चिठ्ठी कागदात, टाचणी पिवळ्यात. दोऱ्यापाशी त्या क्षणभर थांबल्या. माझ्यासमोर दोऱ्याचा निकाल लागला नाही.

पत उरली ती बायकोमुळे. तिच्या माहेरी तासगावला द्राक्षबाग. मालक एका सकाळी आम्हाला मळा दाखवायला घेऊन गेले. मळा म्हणजे पाटीच्या दगडाचा कडा, त्यावर रिसलिंगच्या वेली. जवळच ब्रेम गावाचा कालमोंट आहे, युरोपातला सर्वांत उभा द्राक्षमळा म्हणतात त्याला. काही जागी चढ पासष्ट अंशांच्या आसपास. एकाच रुळावरून सरपटत चढणारी एक गाडी माणसं आणि क्रेट वर नेते. मी डोळे मिटून रुळावर श्रद्धा ठेवली. बायको म्हणाली, “अहो, आमच्या आबांनी असल्या जागी करवंदंसुद्धा लावली नसती.” मालकांनी खालचा काळा दगड तिच्या हातात दिला. दिवसभर ऊन पितो, रात्री वेलीला परत देतो. तिने तो गालाला लावून बघितला आणि मान डोलावली.

मग तिने एक पान उलटं केलं, खालची पांढरी बुरशी दाखवली आणि म्हणाली, “डावणी!” मालकांना मराठी येत नाही, पण चेहरा असा पडला की भाषांतराची गरज उरली नाही. डावणी आणि भुरी, दोन्ही रोग एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून युरोपात आले. तिने मोरचुदाचा निळा रंग आकाशाकडे बोट करून सांगितला, चुना त्यांच्या पांढऱ्या शर्टावर दाखवला. मालक ओरडले, “बोर्डो!” इथून पुढे मला कुणी विचारलं नाही.

उरलेलं बोलणं फोनवरच्या भाषांतराने झालं. आमच्याकडे वर्षातून दोनदा छाटणी, एप्रिलमध्ये खरड आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, हे ऐकून ते हादरले. त्यांची वेल हिवाळाभर झोपते. बायको म्हणाली, “आमच्याकडे वेलीला झोपू देत नाहीत.” त्यांनी वेलीच्या वतीने हळहळ व्यक्त केली. शेवटी दोघांचं या गोष्टीवर एकमत झालं की भाव मिळत नाही, मजूर मिळत नाहीत आणि पाऊस नको तेव्हाच येतो. रात्री दहानंतर या गावात आवाज करायचा नसतो. त्या रात्री अंगणात दहानंतरही तक्रारी चालू होत्या, आणि मालकीणबाईंनी खिडकी लावून घेतली नाही.

निघताना त्यांनी कागदावरच्या रेघा मोजल्या. मोजल्या म्हणजे मी मारल्या तेवढ्या मान्य केल्या. वर एक स्पेटलेझे, उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोडसर वाइन, बायकोच्या हातात ठेवली. तिच्यापुढे रेघ नाही. बायकोने लगेच फेब्रुवारीचं आमंत्रण दिलं: द्राक्षं भरात असतात, तासगावला या, आमच्याकडेच उतरा. मालकीणबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारीख टिपूनही घेतली, त्याच बांधलेल्या पेन्सिलीने, दोरी ताणून.

तेव्हापासून मला घोर लागला आहे. राहण्या-खाण्याचं काही नाही, आबांचं घर मोठं आहे. पण सकाळी चहा पिऊन ती बाई उठेल, पुडी हातात धरून विचारेल, आणि मी तिला कुठलं पिंप दाखवणार?