धनुष्याचा स्टॅबिलायझर

मराठी घरात स्टॅबिलायझर म्हटलं की फ्रिजच्या डोक्यावरचा, क्रोशाचा रुमाल पांघरून बसलेला खोका आठवतो. वीज वरखाली झाली तरी फ्रिजला कळता कामा नये, एवढंच त्याचं काम. धनुष्याच्या पोटातून पुढे आलेला तो लांबलचक दांडाही हेच करतो. फक्त इथे वरखाली होते ती वीज नसून माणूस असतो. हा दांडा लावावा की तो नुसताच थाट, या वादात मी दांड्याच्या बाजूचा, पण एका अटीवर.

आधी गणित. ऑलिंपिकमध्ये लक्ष्य 70 मीटरवर असतं आणि त्याचा व्यास 122 सेंटिमीटर. या अंतरावर एका अंशाची चूक बाणाला सव्वा मीटर बाजूला नेते, म्हणजे लक्ष्याबाहेर, गवतात. दहा गुणांचं वर्तुळ 12.2 सेंटिमीटरचं, तिथे मुभा अंशाच्या विसाव्या हिश्श्याची. दोरी सुटल्यापासून बाण तिला सोडेपर्यंत सेकंदाचा पन्नासावा भाग जातो न जातो, पण मूठ पिळवटायला तेवढा वेळ पुरतो. या पिळाला वजन अडवतं, आणि वजनापेक्षा अंतर जास्त अडवतं: अंतर दुप्पट, तर विरोध चौपट. शंभर ग्रॅमचा तुकडा मुठीपासून साडेसात सेंटिमीटरऐवजी 75 सेंटिमीटरवर नेला, तर तेच शंभर ग्रॅम शंभरपट हट्टी होतात. दोरावर चालणारी डोंबाऱ्याची पोर आडवी काठी धरते ती शोभेला नव्हे.

‘अर्जुनाकडे कुठे होता दांडा?’ हा प्रश्न येतोच. नव्हता, पण पोपटाच्या डोळ्याच्या मध्यापासून बाण किती मिलिमीटर सरकला, हे द्रोणाचार्यांनी पट्टी लावून पाहिलं नव्हतं. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पाहिलं. अंतिम फेरीच्या निर्णायक बाणावर किम वूजिन आणि ब्रॅडी एलिसन दोघांनाही दहा मिळाले. किमचा बाण एलिसनच्या बाणापेक्षा 4.9 मिलिमीटर आत होता, म्हणून सुवर्ण त्याचं. दांडे दोघांच्याही धनुष्याला होते, तेव्हा हा दांड्याचा पुरावा नव्हे. पण जिथे मुगाच्या दाण्याएवढ्या फरकावर पदकाचा रंग ठरतो, तिथे मनगटाचा पीळ कोणाला परवडेल?

दुसरा आक्षेप बेअरबोवाल्यांचा, म्हणजे बिनसाजाच्या धनुष्यानं खेळणाऱ्यांचा, दाखला देऊन येतो. त्यांना दांड्याची बंदी. दोरी उतरवलेलं धनुष्य 12.2 सेंटिमीटरच्या कड्यातून आरपार जावं लागतं. (दहा गुणांच्या वर्तुळाचंच माप. नियम करणाऱ्यांनाही विनोदबुद्धी असावी.) पण मुठीखाली बघा: कड्यातून जेमतेम निघेल असा धातूचा ठोकळा बसवलेला असतो. ज्यांच्या साधेपणाचे दाखले देतात, तेही वजन सोडत नाहीत.

तिसरा आक्षेप मात्र खरा: वजन. दांडा पीळ अडवतो, दमलेला खांदा नाही. नवशिक्याचा हात चाळिसाव्या बाणाला लोंबायला लागतो, आणि पुढचं वजन त्याला आणखी खाली ओढतं. दोरी झटक्यानं सोडायची सवयही दांड्यानं सुटत नाही. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे 2023 मध्ये बर्लिनला जगज्जेते झाले, ते फोटो बघून पहिल्याच दिवशी सगळा साज मागणाऱ्या आईबाबांना म्हणून माझी अट अशी, की आधी 18 मीटरवर पोराचे बाण एका ताटलीत बसू द्या. मग एकच लांब दांडा घ्या, टोकाला कमीत कमी वजन लावून. बाजूचे दोन छोटे दांडे पुढच्या वर्षी.