घर पाहावे फोडून

घरदुरुस्तीचा घरगुती ठेकेदार हा वर्धा जिल्ह्यात आर्वीपासून हिंगणघाटपर्यंत सर्वत्र आढळतो. तो स्वतःला ठेकेदार म्हणवून घेत नाही. 'आमची फॅमिली फर्म आहे जी,' असे म्हणतो. फर्मची रचना साधारण ठरलेली असते. वडिलांनी उभा जन्म गवंडीकाम करून गुडघे घालवलेले. थोरल्याने सिव्हिलचा डिप्लोमा करून सरकारी भरतीची वाट पाहिलेली. धाकटा आयटीआयचा इलेक्ट्रिशियन. हिशेब मात्र थोरल्या सुनेकडे, कारण उधारी मागायला लागणारा थंड आवाज घरात दुसऱ्या कुणाकडे नसतो.

फर्मचा जन्म बहुधा अक्षय्य तृतीयेला होतो. उद्यम नोंदणी मोबाइलवर फुकटात आटोपते. वेळ जातो तो नावावर. कुलदेवतेचे नाव द्यावे की आजीचे, यावर घरात दोन तट पडतात आणि शेवटी दोन्ही नावे घालून पाटी एवढी लांब होते की फोन नंबर खाली बारीक अक्षरात जातो.

पहिले गिऱ्हाईक म्हणजे स्वतःचेच घर. बैठकीत फॉल सीलिंग, त्यात निळी पट्टी दिवे, भिंतीला तीन रंगांची पुट्टी. आतल्या स्वयंपाकघराचा ओटा मात्र विटांवर टेकलेला असतो आणि पुढची कित्येक वर्षे तसाच राहतो. पाहुण्याला बैठकीच्या पुढे जाऊ न देण्याचे काम सासूबाईंकडे असते.

दुसरे गिऱ्हाईक मामा. मामाकडे काम मिळते, पैसे मिळत नाहीत. पण मामा जाहिरात फुकट करतो आणि ती वर्तमानपत्रापेक्षा लांब पोचते. पिपरी, सिंदी, बोरगाव या मेघे गावांच्या आणि नालवाडीच्या लेआउटमध्ये जुन्या मास्तरांनी, कारकुनांनी पै-पै जोडून बांधलेली घरे आज फर्मचे खरे कुरण आहेत. मुलगा पुण्यात, सून पुण्याची, आणि संडास अंगणापलीकडे. दिवाळीला सून येणार म्हटले की पोळ्याच्या आधी फर्मला फोन येतो.

या व्यवसायाचा मोठा आश्रयदाता काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पाया वरवरचा असला तर भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग जाते. मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना, घरमालक त्या भेगेत बोट घालून दाखवतो. वडील ती व्ही आकारात खरवडतात, पाणी मारतात, जाळी ठोकून छपाई करतात. ऑगस्टमध्ये माती फुगते, भेग मिटते आणि मिस्त्रीची कीर्ती मोहल्ल्यात पसरते. पुढच्या मेमध्ये भेग पुन्हा उघडते. तोवर बिल वसूल झालेले असते. पाया खोल न्यावा, प्लिंथ बीम टाकावा, घराभोवती पाणी मुरू देऊ नये, हे खरे औषध डिप्लोमावाल्याला पाठ असते. मात्र ते सांगितले तर गिऱ्हाईक घाबरून दुसऱ्याकडे जाते, असा वडिलांचा अनुभव आहे.

जिल्ह्यातले सर्वांत नावाजलेले बांधकाम मात्र या फर्मच्या अल्बममध्ये कधी नसते. १९३६ साली गांधीजी शेगावला राहायला आले. ते गाव पुढे सेवाग्राम झाले. तिथल्या पहिल्या घरासाठी त्यांची अट होती: सामान आणि कारागीर आसपासचे, खर्च पाचशेच्या आत. आज जिला बापूकुटी म्हणतात ती मुळात मीराबेनची झोपडी; गांधीजी राहायला आल्यावर तिच्यात गरजेप्रमाणे फेरफार झाले. म्हणजे वर्ध्याचे हे नामांकित रिनोव्हेशनच. पण असे गिऱ्हाईक आज दारात आले तर फर्म ते हात जोडून परत पाठवील. वर्ध्याच्याच ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने कुंभाराच्या चाकावरचे शंकूसारखे नळे एकात एक गुंफून कमानदार छत बसवण्याची रीत विकसित केली. फर्मच्या गिऱ्हाइकाला मात्र जिप्समचे छत हवे असते आणि त्यावर चिनी झुंबर.

परके गिऱ्हाईक येते ते बहुधा न्हाणीघरासाठी. फर्मची परीक्षा इथेच होते. फरशीचा उतार दर चार-पाच फुटांना इंचभर जाळीकडे हवा. थोरला लेव्हल लावतो, वडील डोळा लावतात आणि दोघांचे एकमत होत नाही. शेवटी पाणी ज्याच्या बाजूने वाहते तो जिंकतो. ते दाराकडे वाहिले तर दोष फरशी बनवणाऱ्या कंपनीचा.

इस्टिमेट लिहिण्याची त्यांची शैली स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरावी. दर चौरस फुटाचा असतो, पण 'मटेरियलसकट की लेबर रेट' हे काम अर्ध्यावर आल्याशिवाय कळत नाही. जे कागदावर नाही ते 'एक्स्ट्रा'. मुदत 'पंधरा-वीस दिवस, टेन्शन नोका घेऊ'. जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे, त्यामुळे सोमवारी मिस्त्री न येण्याचे कारण नेहमीच तब्येत असते.

वसुली पिकावर चालते. सोयाबीन दसरा-दिवाळीला विकले गेले की पहिला हप्ता, कापूस बाजारात गेला की दुसरा. भाव पडले तर सून फोन करते, तब्येत विचारते आणि काहीच मागत नाही. माणूस तिसऱ्या फोनला पैसे देतो.

अशा फर्मला काम देणाऱ्याने इस्टिमेटमध्ये मटेरियल कुणाचे ते आधी लिहून घ्यावे आणि न्हाणीघरात बादलीभर पाणी ओतून ते जाळीकडे जाते हे स्वतः पाहिल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये.