खानदानी चिल्लर

शेंदूरजनाघाटात दोन माणसं भेटली की पहिली चौकशी आंबिया बहाराची. नाणेवाले काकाजींचं तसं नाही. त्यांना कोणी जुना पैसा दाखवला, की पैशाकडे न पाहता ते विचारतात, "आधी कोनापाशी होता?" सोयरीक जुळवताना पोरीआधी घराणं बघावं, तसं. "आजीच्या पेटीत सापडला" म्हणालात, की तुमची शिवराई तुमच्याच तळहातावर परत.

त्यांचं स्वतःचं वैभव म्हणजे बायझंटाईन सम्राट जस्टिनियनचं एक तांब्याचं नाणं. पाठीवर भला मोठा एम. शेजाऱ्यानं भाबडेपणानं विचारलं, "काकाजी, हा एम मोर्शीचा काय?" त्याच्याशी बोलणं बंद झालं ते झालंच. तो एम म्हणजे ग्रीक आकड्यांतले 40, म्हणजे चाळीस नुम्मी. बाजूला राज्याचं बारावं वर्ष, इ. स. 538-39. एवढा इतिहास काकाजी अर्ध्या मिनिटात उरकतात. खरं कीर्तन पुढं, नाण्यासोबत आलेल्या, जुन्या मालकांच्या पिवळ्या पडलेल्या चिठ्ठीवर. रोडोल्फो रात्तोनं 1930 साली लुगानोला बायझंटाईन नाण्यांचा लिलाव केला, त्याच्या कॅटलॉगाची झेरॉक्स निघते, भिंग निघतं. "हे पाहा, घड्याळात चार वाजतात तिथं चीर. फोटोत बी तिथंच!" जस्टिनियनचं नाक झिजलंय, त्याचं कोणाला काही नाही.

मग फारूक राजा. अमेरिकेनं 1933 ची सोन्याची वीस डॉलरची नाणी वितळवली. त्यातून सुटलेल्या एकाला 1944 साली इजिप्तच्या या राजासाठी निर्यात परवाना मिळाला. त्या कागदाच्या जोरावर ते 2021 साली 1 कोटी 89 लाख डॉलरला गेलं. "पाहिलं? कागद!" काकाजी म्हणतात. सातबाऱ्यासाठी खेटे घातलेल्या माणसाला हे पटतंच.

घरच्या मातीचं मात्र त्यांना कौतुक नाही. मंगरूळपीरकडच्या तऱ्हाळ्याला 1939 साली सातवाहनांची दीड हजारावर नाणी निघाली, वा. वि. मिराशींनी त्यांतून कुंभ, कर्ण, शक असे अनोळखी सातकर्णी वाचले. काकाजींचा शेरा : "मधात मालकच नाही!" जस्टिनियनसुद्धा शेकडो वर्षं कुठल्या तरी जमिनीतच पडून असणार, हे त्यांना सुचवू नये.

"नाण्याचे सारे मालक पाठ हायेत," काकू म्हणतात, "लेकराईचे वाढदिवस इचारा."

चिठ्ठीमागं काकाजींनी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय : शेंदूरजनाघाट, ता. वरूड. पुढच्या कॅटलॉगात हेही छापून येईल, ही आशा.

"पन बाबा, त्यासाठी नाणं विका लागन ना?" पोरानं विचारलं. "अन् शंभर वर्षांवरचं नाणं 1972 च्या कायद्यानं देशाबाहेर नेता येत नाही."

काकाजी क्षणभर गप्प. मग म्हणाले, "मंग हर्रास इथंच करू. वरूडच्या यार्डात. संत्र्याची गाडी खाली झाली, का लगेच."