कमांडोकाका

कमांडोकाकांनी आयुष्यात एकही कमांडो जवळून पाहिलेला नाही. नोकरी केली ती विम्याच्या कचेरीत, बिऱ्हाड डोंबिवली पूर्वेला दुसऱ्या मजल्यावर, आणि नावावर सगळ्यात मोठं धाडस म्हणजे ऐन जुलैत सांधण दरीत उतरायचा बेत. तोही वहिनींनी पोळ्या लाटता लाटता हाणून पाडलेला. तरी सोसायटीतली पोरं त्यांना कमांडोकाका म्हणतात आणि काका ओ देतात. जगातल्या कुठल्या फौजेनं कुठल्या साली कुठला चाकू पत्करला, हे त्यांना घरातल्या माणसांच्या वाढदिवसांपेक्षा पक्कं ठाऊक असतं. वहिनींचा वाढदिवस धरून.

चाकू म्हणजे फिक्स्ड ब्लेड. मिटणाऱ्या चाकूला काका चाकू मानतच नाहीत. "बिजागरी आली की माती आली, माती आली की दगा आला," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. समोरच्यानं मान डोलावली तर ठीक. नाही डोलावली तर त्याचाच स्विस चाकू मागून घेतात आणि बिजागरीतला मळ काडीनं उकरून त्याच्या तळहातावर ठेवतात.

तर काकांना एक चांगला सैनिकी चाकू घ्यायचाय. ट्रेकला न्यायला, दोर कापायला, लाकूड तासायला, एकदाच घ्यायचा आणि जन्मभर वापरायचा असा. हा संकल्प त्यांनी सोडला तेव्हा त्यांची मुलगी शाळेत होती. ती आता न्यू जर्सीत नोकरी करते. मधल्या काळात 'तात्पुरता' म्हणून त्यांनी एक स्वीडिश मोरा घेतला. चार इंची पातं, प्लॅस्टिकची मूठ, किंमत सगळ्यांत कमी. या तात्पुरत्यानं हरिश्चंद्रगड पाहिला, राजगड पाहिला, अलंग-मदन-कुलंग पाहिले. काकड्या, दुधाच्या पिशव्या, सॅकचे तुटलेले पट्टे, सगळं निस्तरलं. पण त्याचं कौतुक करायची सोय नाही. "छान चालतो की हो," म्हटलं की काका ओशाळं हसतात. "तो आपला तात्पुरता. खरा अजून यायचाय."

खरा कुठला, हे एका लांबलचक वहीत आहे. वहीला उभे रकाने आहेत: पोलाद, लांबी, जाडी, टँग, मूठ, म्यान आणि शेरा. कचेरीत दाव्यांची छाननी करण्यात हयात गेलेल्या माणसानं एखाद्या चाकूची छाननी केली की त्या चाकूचं काय होतं, ते शेऱ्याच्या रकान्यात वाचावं. जवळजवळ प्रत्येक शेरा 'उत्तम' या शब्दानं सुरू होतो आणि मधे कुठंतरी 'पण' येतो.

पहिला मान के-बारचा. १९४२ साली अमेरिकेच्या मरीन फौजेनं घेतला. सात इंची पातं, चामड्याच्या चकत्या एकावर एक दाबून केलेली मूठ. या चाकूच्या नावाची गोष्ट कंपनीच सांगते, आणि काका ती प्रत्येक मुक्कामात, टॉर्च हनुवटीखाली धरून सांगतात. एका शिकाऱ्याची बंदूक ऐन वेळी अडकली, अंगावर आलेलं अस्वल त्यानं कंपनीच्या चाकूनं मारलं आणि कंपनीला आभाराचं पत्र धाडलं. अक्षर असं गचाळ की 'अस्वल मारलं' या इंग्रजी शब्दांतून कंपनीला 'के ए बार' एवढंच लागलं. गोष्ट संपली की काका टॉर्च खाली घेतात. "आता अस्वलाचं सोडा. युद्धात या चाकूनं माणसं किती मारली ठाऊक नाही, पण डबे फोडले, खोकी उघडली, खड्डे खणले, तारा तोडल्या. म्हणून तो टिकला. उत्तम चाकू. पण टँग अरुंद." म्हणजे पात्याचं पोलाद मुठीत शिरताना बारीक होतं. मुठीच्या पूर्ण रुंदीचं पोलाद शेवटपर्यंत गेलेलं नसेल तर काकांना झोप लागत नाही. शिवाय कार्बनचं पोलाद, डोंबिवलीच्या पावसाळ्यात रात्रीत गंजणार.

मग ऑस्ट्रियाच्या फौजेचा ग्लॉक ७८. पिस्तुलं करायच्या आधीपासून ही कंपनी चाकू करत होती, ही माहिती काका पुण्यकर्म केल्यासारखी वाटतात. याच्या मुठीजवळचं आडवं पोलाद असं वाकवलंय की त्यानं सोड्याची बाटली उघडते. "उत्तम. अगदी रांगडा. पण धार लवकर जाते."

अमेरिकी वैमानिकांच्या चाकूवर मात्र त्यांचा घरात मोठा वाद झालेला आहे. पाच इंची पातं, आणि पाठीवर करवतीचे दाते. हे दाते लाकडासाठी आहेत असं कुणी म्हटलं की काका कळवळतात. "लाकूड नव्हे हो! विमान कोसळलं तर ॲल्युमिनियमचा पत्रा फाडून बाहेर पडायला!" त्यावर वहिनी आतून म्हणाल्या, "ह्यांना खिरेश्वरला जायचं असतं. कल्याण-आळेफाटा एसटीनं."

ब्रिटिश कमांडोंचा फेअरबर्न-साइक्स, ज्याच्यामुळं खरं तर काकांना हे नाव शोभलं असतं, तो त्यांनी एका ओळीत निकालात काढलाय. शांघायच्या पोलिसांत नोकरी केलेल्या दोघा गृहस्थांनी आखलेला, दुधारी, निमुळता. काकांच्या मते तो चाकूच नव्हे. "खंजीर आहे तो. त्यानं फक्त माणूस मारता येतो. तोंडली चिरता येत नाहीत." शेरा: नापास. निकाल लागलेल्या चाकूंत हाच एक शेरा 'पण'शिवाय आहे.

आमच्या ट्रेकच्या मंडळींतल्या एकाचे मामा साताऱ्याकडचे, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, सियाचिनला राहून आलेले. एका लग्नात त्यांची गाठ पडली. काकांनी जिलबीचं ताट बाजूला ठेवलं, खुर्ची ओढली आणि विचारलं, "सुभेदारसाहेब, तिथं तुम्ही चाकू कुठला वापरायचात?"

"चाकू?" सुभेदारांनी आठवून पाहिलं. "चाकू लंगरात आसायचा. कांद्याला."

"तसं नव्हे. स्वतःजवळ, पोस्टवर..."

"पोस्टवर टिनकटर. त्यो बी हारवायचा सारखा."

दुसरा कुणी असता तर वही बंद करून मोकळा झाला असता. काकांनी घरी येऊन नवी ओळ घातली: 'सियाचिन: टिनकटर.' पोलादाच्या रकान्यात प्रश्नचिन्ह, शेऱ्यात 'चौकशी करणे'.

काकांचं कायद्याचं ज्ञानही जय्यत आहे. सॅकच्या वरच्या कप्प्यात शस्त्र नियमांच्या पानाची झेरॉक्स प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवलेली असते. पातं नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद, आणि घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठी केलेलं नसेल, तर ते शस्त्र. त्यात कुकरीचं नाव थेट घेतलेलं, म्हणून दार्जिलिंगहून आणलेली कुकरी घराबाहेर पडत नाही. एकदा कल्याण स्टेशनात हवालदारानं सॅक उघडायला लावली. मोरा बाहेर आला. हवालदार भला माणूस. त्यानं स्वतःच उत्तर पुरवलं, "काय काका, भाजीचा ना?" नुसतं 'हो' म्हणायचं होतं. कायद्यानं तेच उत्तर बिनतोड होतं, हेही काकांना मुखोद्गत होतं. पण चाकूला भाजीचा म्हटलेलं त्यांना सोसेना. "तसा अगदी भाजीचा नाही," काकांनी सुरुवात केली, "मोरा हे स्वीडनमधलं एक गाव..." झेरॉक्स निघाली, टेप निघाली, पातं मोजून झालं. हवालदारानं शेवटी हात जोडले आणि म्हणाला, "काका, तुमची गाडी गेली."

मे महिन्यात हापूसची पेटी रिकामी झाली की काकांच्या गॅलरीतून ठक्-ठक् सुरू होतं. लाकडावर चाकूचं पातं ठेवायचं आणि पाठीवर दुसऱ्या दांडक्यानं ठोकून ते उभं चिरायचं, याला बॅटनिंग म्हणतात. दांडकं म्हणजे वहिनींचं जुनं लाटणं. गडांवर हे करता येत नाही, कारण हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे, तिथं जाळ करायचा नाही, आणि ती शिस्त मोडणाऱ्यावर काका आमच्यादेखत ओरडलेले आहेत. म्हणून मग जंगलात जगायचा सराव गॅलरीत. पेटीच्या फळ्यांच्या सारख्या मापाच्या काड्या होतात, सुतळीनं त्यांच्या जुड्या बांधल्या जातात, आणि पुढच्या होळीला कमांडोकाकांकडून वर्गणीबरोबर त्या सोसायटीत जमा होतात.

घरातलं वर्तमानपत्र वहिनींच्या हाती कधी अखंड पडत नाही. कडेच्या पट्ट्या धारेच्या परीक्षेत गेलेल्या असतात. काकांचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत बारमाही तुळतुळीत, कारण केस भादरले गेले तरच धार पास.

आणि धार हा मात्र काकांचा खरा प्रांत. इथं त्यांना काही ठरवायचं नसतं, त्यामुळं हात थेट कामाला लागतो. रविवारी सकाळी जपानी दगड बादलीत भिजत पडतात, एक खरखरीत, एक मऊ. पातं दगडावर वीस अंशांत टेकवायचं, मनगट हलू द्यायचं नाही, दुसऱ्या बाजूला बारीक कुस उठेपर्यंत घासायचं, मग पालटायचं. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर पातं उलटं ओढायचं. त्या अर्ध्या तासात काका एक शब्द बोलत नाहीत. ते गप्प असलेले पाहायचे तर हीच वेळ. सायकलच्या चाकावर धार लावणारा खाली आला की त्यांचा जीव वरखाली होतो. कोरड्या चाकावर ठिणग्या उडेस्तोवर घासलं की पातं तापतं आणि त्याचं पाणी उतरतं. "मेलं ते पोलाद," काका गॅलरीतून म्हणतात, हळूच, कारण त्या माणसाचंही पोट आहे.

एका गणपतीत त्यांनी उत्साहानं बी विंगमधल्या सगळ्या सुऱ्या आणि विळ्या गोळा करून धारेला लावल्या. फुकट. दुसऱ्या दिवशी आरतीला टाळ वाजवणारी जवळजवळ सगळी बोटं चिकटपट्टीत होती. वर्षानुवर्षं बोथट सुरीवर जोर द्यायची सवय झालेल्या हातांना खरी धार म्हणजे काय हे ठाऊकच नव्हतं. तळमजल्यावरच्या आजींनी विळी परत पाठवली. "थोडी कमी करून द्या," असा निरोप.

खिरेश्वरला आम्ही जिथं जेवतो तिथल्या मावशींची कोयती काकांना भारी आवडते. गावच्या लोहारानं ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यातून काढलेली, मूठ बाभळीची. काका तिच्यासमोर उकिडवे बसतात, पात्यावर नखानं टिचकी मारून कान देतात.

"मावशी, पाणी फार सुंदर दिलंय हो ह्याला."

"लोहारानं दिलं. पर आता चालंना ती."

काकांनी सॅकमधून छोटा दगड काढला. चुलीवर पिठलं रटरटत होतं, आमच्या पोटात आग पडलेली, आणि मावशी भाकरी थापायची सोडून काकांचं मनगट पाहत बसलेल्या. कोयती हातात आल्यावर त्यांनी दारातली जाडशी ओली फांदी एका घावात उडवली आणि काकांकडं बघून म्हणाल्या, "दादा, कुठल्या गावचं लोहार तुम्ही?" काका परतताना खिरेश्वरपासून डोंबिवलीपर्यंत हे वाक्य मनात घोळवत होते. कोयतीचीही वहीत नोंद आहे. शेरा: 'उत्तम. पण विकत मिळत नाही.'

काका निवृत्त झाले तेव्हा मुलीनं हा पेच एका घावात सोडवायचं ठरवलं. येताना मोठ्या बॅगेत, कपड्यांच्या मधोमध, के-बार घेऊन आली. काकांनी खोकं उघडलं, उजेडाकडं धरून पात्याची रेघ पाहिली आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग त्यानं काहीच कापलं नाही. दर रविवारी त्याला शिलाई मशीनचं तेल लागायचं आणि तो मलमलीत गुंडाळून कपाटात जायचा. म्यान वेगळं, कारण चामडं ओल धरतं. "कापा की काहीतरी त्यानं," मुलगी फोनवर म्हणायची. "कापायचंय. पण सुरुवात कशानं करावी, ते बघतोय."

संक्रांतीच्या आधी वहिनींना गुळाची ढेप फुटेना. बत्ता झाला, लाटणं झालं. काका आंघोळीला गेलेले. वहिनींनी कपाट उघडलं, मलमल सोडली, पातं ढेपेवर ठेवलं आणि पाठीवर लाटणं हाणलं. बॅटनिंग त्या गॅलरीच्या दारातून इतकी वर्षं बघत होत्या. दोन ठोक्यांत ढेप दुभंगली. राहिलेले खडे चाकूच्या बुडाच्या पोलादी टोपीनं ठेचून झाले.

काका पंचावर बाहेर आले आणि दारातच थांबले. ओट्यावर गूळ, गुळात के-बार.

"मूठ सरकली का?" काकांनी विचारलं.

"नाही."

"हाताला झिणझिण्या?"

"छे. बरा आहे हो हा."

काका तसेच पंचावर वही घेऊन आले, ओट्याला टेकून उभे राहिले आणि लिहू लागले. पोलाद, मूठ, पकड, गुळाची प्रत. शेऱ्याच्या रकान्यात 'उत्तम' लिहून पेन थबकलं.

"पण ह्याच ढेपेवर ग्लॉक चालवून पाहिल्याशिवाय नक्की काही म्हणता येणार नाही."

वहिनींनी के-बार धुऊन, पुसून त्यांच्या हातात दिला. "पोरीला सांगून ठेवा," त्या म्हणाल्या, "अर्धी ढेप आहे अजून."